तुर्की माणसाचं मूळ गाव: दप्तर, डीएनए आणि आजीचं सांगणं, भरवसा कशावर किती?

उंबरठा:
एका तुर्की कुटुंबाची वंशावळ मांडायचं काम हाती घेतलं आहे. चार आजी-आजोबांबद्दल घरात सांगतात ते असं: वडिलांचे वडील त्राब्झोनचे, वडिलांची आई 'गिरितली' (तुर्कीत क्रीट बेटाला गिरित म्हणतात), आईचे वडील बल्गेरियातल्या किर्जालीहून १९५१ मध्ये आलेले, आणि आईची आई कायसेरीची. नातवाचा डीएनए अहवाल समोर आहे: कॉकेशस ३८ टक्के, ग्रीस व एजियन बेटं २६, अनातोलिया (तुर्कीचा आशियातला मुख्य भाग) १८, बाल्कन १२, मध्य व पूर्व आशिया ६.

अहवाल वाचून घरच्यांचा पहिला प्रश्न: "मग आम्ही तुर्क फक्त सहा टक्के?" माझे प्रश्न वेगळे आहेत. सरकारी दप्तर किती मागे जातं? त्यातल्या नोंदी कशा वाचायच्या? आणि आजीचं सांगणं, दप्तर, अहवाल या तिघांचं जमत नसेल तर कोणाचं धरायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

बोस्फरसकाठ:
दप्तरापासून सुरू करा, डीएनए शेवटी.

तुर्की सरकारचं नागरिक-सेवा संकेतस्थळ आहे 'ई-देवलेत'. (देवलेत म्हणजे राज्य. आपण 'मराठी दौलत' म्हणतो त्यातला दौलत हाच शब्द.) तिथे 'आल्त-उस्त सोय' नावाची वंशविचारणा २०१८ च्या फेब्रुवारीत खुली झाली आणि इतकी गर्दी उसळली की यंत्रणा कोसळली. काही दिवस बंद ठेवून परत सुरू करावी लागली. त्याआधी ही माहिती सहजी हाती लागत नसे.

कृती अशी. नागरिकाने स्वतः टपाल कचेरीत ओळखपत्र दाखवून संकेतशब्द घ्यायचा. आत गेल्यावर विचारणा केली की एक तक्ता मिळतो: नातं ('वडिलांच्या आईचे वडील' अशा थाटात), नाव, आईबापांची नावं, जन्मस्थळ व तारीख, जिल्हा-तालुका-गाव, आणि 'जिल्त-हाने-सिरा' असे तीन आकडे. जिल्त म्हणजे आपली जिल्द, नोंदवहीचा खंड. हाने म्हणजे घर. सिरा म्हणजे त्या घरातला माणसाचा अनुक्रम. हे तीन आकडे आधी कागदावर उतरवून घ्या, कारण पुढची प्रत्येक विचारपूस त्यांच्यावरच चालते.

नातवाच्या खात्यातून 'उस्त सोय', म्हणजे वरच्या पिढ्या दिसतील. चुलत-आते-मामे शाखा हव्या असतील तर हयात असलेल्या सर्वांत वयस्कर नातलगाच्या खात्यातून 'आल्त सोय', म्हणजे खालच्या पिढ्या काढायला सांगा.

उंबरठा:
तिन्ही आकडे मिळवायला सांगतो. आजींच्या नोंदी का अडतात म्हणे? वडिलांकडून पाच पिढ्या आल्या, आईच्या आईकडून दोनच.

बोस्फरसकाठ:
तुर्कीत लग्न झालं की बाईची नोंद नवऱ्याच्या घरात, म्हणजे त्याच्या हानेत जाते. कायसेरीची मुलगी इझमीरच्या मुलाशी लग्न करते आणि कागदोपत्री इझमीरची होते. मुलंही बापाच्या हानेत. त्यामुळे कागदावरचं 'मेम्लेकेत' (मुलूख) हे बापाच्या बापाच्या बापाचं गाव असतं, बाकीचे तिन्ही धागे झाकले जातात.

उपाय: तिच्या नावाची 'वुकुआतली' नोंदप्रत मागायची. वुकुआत म्हणजे घडलेल्या घटना: लग्न, घटस्फोट, मृत्यू, नोंदीची बदली. आपल्याकडच्या फेरफार उताऱ्यासारखाच प्रकार. त्यात ती कोणत्या हानेतून आली ते लिहिलेलं असतं. २०१७ च्या आधीचं जुनं ओळखपत्र (पुरुषांचं निळं, बायकांचं गुलाबी) घरात पडलं असेल तर त्याच्या मागच्या बाजूलाही हे आकडे असतात.

मोडीवाचक:
बोस्फरसकाठ यांनी पाया छान घातला आहे. त्यावर तारखांबद्दल.

या नोंदींचा मूळ आधार म्हणजे उस्मानी (ऑटोमन) काळातल्या १८८१ पासूनच्या आणि नंतर १९०५ च्या आसपासच्या शिरगणत्या. त्या वेळी जे म्हातारे हयात होते त्यांचे जन्म १८०० नंतरच्या पहिल्या दशकांत जातात, म्हणून काही घरांचा तक्ता दोनशे वर्षं मागे पोचतो. पण:

जन्मतारखेपुढे १२९३, १३०५ असे आकडे दिसले तर ते 'रुमी' साल, म्हणजे उस्मानी कारभाराचं सौर साल. त्यात ५८४ मिळवा. १२९३ म्हणजे १८७७. रुमी वर्ष मार्चपासून सुरू होत असे, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतल्या जन्माला ५८५. हिजरी साल मात्र चांद्र असल्यामुळे ही बेरीज तिथे लागू नाही. १९२६ पासून इसवी सन. याच रुमी सालावरून १८७७-७८ च्या रशियाविरुद्धच्या युद्धाला तुर्कीत '९३ ची लढाई' म्हणतात. घरातले म्हातारे '९३ मध्ये आलो' म्हणाले तर १८९३ लिहून मोकळे होऊ नका.

दुसरं, '१ जुलै'. दप्तरात १ जुलैला जन्मलेल्यांची रांग दिसेल. दिवस-महिना माहीत नसला की ती तारीख टाकायची पद्धत आहे. आपल्याकडे शाळेत १ जून टाकत असत, तसंच. तो खरा वाढदिवस समजून पत्रिका मांडू नये.

दगडूतात्या:
मला इतक्या खटाटोपाची गरज वाटत नाही. मुळात तुर्क म्हणजे धर्म बदललेले ग्रीक आणि आर्मेनियन. अहवाल तेच तर सांगतोय. १०७१ ला तुर्कांना अनातोलियाचं दार उघडून देणारी मलाझगिर्दची लढाई झाली, मूठभर घोडेस्वार आले, भाषा लादली, संपलं.

जनुकजिज्ञासू:
तात्या, निम्मं बरोबर आणि निम्मं चूक आहे, आणि चूक कुठे ते आकड्यांतच दिसतं.

अहवालात 'मध्य व पूर्व आशिया ६ टक्के' लिहिलंय. हा आकडा पूर्व आशियाई अंशाचा आहे, 'तुर्क' अंशाचा नाही. ओगुझ या तुर्की टोळ्या मध्य आशियातून खोरासान, इराण करत अनातोलियात आल्या. त्या निघाल्या तेव्हाच मिश्र होत्या आणि वाटेतही मिसळल्या. समजा येणाऱ्या माणसात सरासरी निम्मा अंश पूर्व आशियाई होता. मग आजच्या माणसातला ६ टक्के म्हणजे त्या स्थलांतरितांकडून आलेला सुमारे १२ टक्के. तो येतानाच एक तृतीयांश असेल तर १८ टक्के. उरलेला भाग अहवालात 'अनातोलिया' नाहीतर 'कॉकेशस' या खान्यांत विरघळून जातो, कारण इराणी पठाराचा अंश तिथल्या लोकांशी मिळताजुळता आहे. तेव्हा 'सहा टक्के तुर्क' हे वाक्यच चुकीचं. घरच्यांना तसं जरूर सांगा.

शिवाय हा अंश सगळीकडे सारखा नाही. नैर्ऋत्येला मुग्ला, आयदिन, देनिझली या योरुक-बहुल (योरुक म्हणजे भटके तुर्की मेंढपाळ) भागांत तो जास्त, पूर्वेच्या काळ्या समुद्राकाठी अगदी कमी. २०२१ मध्ये तुर्कीतल्या ३,३६२ लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही बाल्कन, कॉकेशस, मध्यपूर्व, युरोप या सगळ्यांशी मिसळण आणि प्रदेशागणिक फरक ठळक दिसला. 'मूठभर घोडेस्वार' म्हणून तो विषय संपत नाही.

आणि धर्मांतर म्हणाल तर अनातोलियातले ग्रीकभाषक ख्रिस्ती तरी कुठे अथेन्सहून आले होते? बहुतेक तिथलेच जुने लोक, आधी ग्रीक बोलू लागले, मग तुर्की.

दगडूतात्या:
शेवटचा मुद्दा पटला. 'ग्रीक' हा शब्द मी वंश म्हणून वापरला, तिथे घोळ झाला.

साखरफुटाणा:
+१ जनुकजिज्ञासू. वाचनखूण साठवली.

एजियनवारा:
तो घोळ तात्यांचा एकट्यांचा नाही, दोन सरकारांनी करार करून केलाय! ३० जानेवारी १९२३ ला लोझानमध्ये लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे (त्यांतले बहुतेक करारापूर्वीच युद्धात पळालेले) आणि सुमारे ४ लाख मुसलमान तुर्कीकडे. निकष फक्त धर्म, भाषा नाही. त्यामुळे कायसेरी-निग्देकडचे 'करामानली' ग्रीसला गेले. ते घरात तुर्की बोलायचे, ग्रीक अक्षरांत तुर्की लिहायचे, आणि तिकडे त्यांना ग्रीक येत नव्हतं. उलट क्रीटचे मुसलमान ग्रीक बोलत तुर्कीत उतरले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले होते.

धागाकर्त्यांच्या 'गिरितली' आजीसाठी हे महत्त्वाचं. अहवालातले 'ग्रीस व एजियन बेटं २६ टक्के' हा आश्चर्याचा भाग नाहीच, तो बहुधा आजीचा पूर्ण हिस्सा आहे.

पण १९२३ गृहीत धरू नका. क्रीटमधून मुसलमानांची मोठी लाट १८९७-९९ च्या सुमारासच निघाली होती. कुटुंब १९२३ चं 'म्युबादिल' (अदलाबदलीत आलेलं) असेल तर मागे सोडलेल्या घरा-शेताच्या भरपाईसाठी 'तासफिये तालेपनामेसी' नावाचा अर्ज भरलेला असण्याची शक्यता आहे. किती ऑलिव्हची झाडं, किती खोल्या, गाव कोणतं, शेजारी कोण, असलं सगळं त्यात असतं. हे अर्ज अंकाऱ्याच्या प्रजासत्ताक अभिलेखागारात आहेत. १८९९ ला आलेल्यांचे असे अर्ज नाहीत, त्यांच्यासाठी उस्मानी अभिलेखागारातली वसाहत-दप्तरं पाहावी लागतील. आधी कोणत्या साली आले ते ठरवा, नाहीतर चुकीच्या दारावर महिनाभर थांबाल.

उंबरठा:
जन्मस्थळ 'गिरित' एवढंच आहे. गाव नाही.

एजियनवारा:
मग आईबापांच्या नोंदीत 'हान्या', 'रेस्मो' किंवा 'कांदिये' शोधा. हान्या म्हणजे आजचं खानिया, रेस्मो म्हणजे रेथिम्नो, कांदिये म्हणजे हेराक्लिओन. वसवलं कुठे तेही पाहा: आयवालिक आणि समोरचं जुंदा बेट, इझमीर, बोद्रुम, मेर्सिन, सिदे. एका गावचे लोक बहुतेकदा एकत्र वसवले, त्यामुळे शेजाऱ्यांच्या नोंदीवरूनही मूळ गाव सापडतं.

'सेलानिक' (आजचं ग्रीसमधलं थेसालोनिकी) दिसलं तर दुप्पट सावध. उस्मानी काळात ते शहरही होतं आणि भलामोठा प्रांतही. अतातुर्क जन्मले ते शहरात, पण दप्तरातले बरेच सेलानिकवाले खेड्यांतले असतात. जुनी-नवी नावं अशी जुळतात: मानास्तिर म्हणजे बितोला, यान्या म्हणजे इओआनिना, वोदिना म्हणजे एदेसा, काराफेर्ये म्हणजे वेरिया, फिलिबे म्हणजे प्लोव्हदिव्ह.

आंबटचुका:
अवांतर: गिरितली घरं ओळखायची असतील तर बाजारात रानभाज्या कोण घेतंय ते पाहा असं इझमीरकडे म्हणतात. रानबडीशेप, चिकोरीचे कोंब, शेवंतीच्या कुळातल्या कडू भाज्या, सगळं उकडून वर ऑलिव्ह तेल आणि लिंबू. आपल्या कोकणातल्या पहिल्या पावसाच्या भाज्यांची आठवण व्हावी.

साखरफुटाणा:
मग कायसेरीची खूण मांती का? चमच्यात चाळीस मावले पाहिजेत म्हणे!

आंबटचुका:
चाळीस, हो. कणकेची पोळी पातळ लाटून बोटाच्या पेराएवढे चौकोन कापायचे, मध्ये मसुराएवढा खिमा, चारही टोकं वर जुळवायची. उकळत्या पाण्यातून काढून लसणाचं दही, वर तुपात परतलेली लाल मिरची. कणीक सैल झाली तर पाण्यात तोंड उघडतं, म्हणून घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायची. मोदक वळणाऱ्या हातांना जमेल.

पण खाण्यावरून मूळ ठरवू नका. 'चेर्केस तावू' (उकडलेली कोंबडी तंतूतंतू सोडवून अक्रोड, पाणी पिळलेला शिळा पाव आणि लसणाच्या वाटणात) आज इस्तंबूलच्या कुठल्याही घरी होते. एखादी सर्केशियन (तुर्कीत 'चेर्केस', उत्तर कॉकेशसमधले लोक) सून शंभर वर्षांपूर्वी आली आणि पाककृती राहिली, इतकंच त्यातून कळतं.

काळासमुद्र:
त्राब्झोनच्या आजोबांकडे येऊ. 'त्राब्झोन' हे उत्तर अपुरं आहे, तालुका हवा. शालपाझारी, बेशिकद्युझ्यू म्हणजे पश्चिमेचा भाग असेल तर चेपनी तुर्कमेन (ओगुझ तुर्कांची एक टोळी) असण्याचा संभव मोठा. चायकारा, ओफ किंवा तोन्याच्या डोंगरातली खेडी असतील तर घरात 'रोमेइका' बोलत होते का ते विचारा. ती पोंटस भागातली ग्रीक आहे, प्राचीन ग्रीकमधलं तुमन्त रूप तिच्यात अजून टिकून आहे. हे लोक मुसलमान असल्यामुळे १९२३ च्या अदलाबदलीत गेले नाहीत. पुन्हा तोच धर्माचा निकष.

आणि एक विनंती. त्राब्झोनच्या माणसाला 'लाझ' म्हणू नका. पश्चिम तुर्कीत काळ्या समुद्राकाठच्या सगळ्यांना लाझ म्हणतात, तेमेल आणि दुर्सुन यांचे विनोद 'लाझांचे विनोद' म्हणून चालतात. खरे लाझ म्हणजे लाझुरी बोलणारे, जॉर्जियनच्या कुळातली भाषा. त्यांची गावं रिझेचे पूर्वेकडचे तालुके (पाझार, आर्देशेन, फिंदिकली) आणि आर्तविनमधली आर्हावी, होपा. त्यांना लागूनच हेमशिन. होपाकडचे हेमशिनी आर्मेनियनची बोली बोलतात, रिझेकडचे तुर्की बोलतात, दोघेही मुसलमान. एका खोऱ्यात तीन भाषा आणि डीएनए अहवालात तिघांनाही बहुतेक एकच शब्द: कॉकेशस.

जनुकजिज्ञासू:
काळासमुद्र यांचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं. अहवाल म्हणजे कंपनीकडे जमलेल्या नमुन्यांशी तुलना असते. लाझ, हेमशिनी, पोंटसचे ग्रीक, जॉर्जियन हे जनुकीयदृष्ट्या इतके जवळ आहेत की नमुने कमी असले की सगळे एका खान्यात पडतात. म्हणून त्राब्झोनचा रोमेइकाभाषक 'ग्रीस'मध्ये न जाता 'कॉकेशस'मध्ये जातो, आणि क्रीटचा मुसलमान 'ग्रीस'मध्ये जातो. नावं पाहून निष्कर्ष काढणारे इथेच फसतात.

नोंदवाचक:
आडनावाचं कोणी बोललं नाही. बोलायला नकोच खरं तर. आडनावांचा कायदा १९३४ चा. तोवर तुर्कीत बहुतेकांना आडनावच नव्हतं. सख्ख्या भावांनी वेगवेगळी आडनावं घेतली, कारकुनाने यादीतून दिली. 'यान', 'ओफ', 'विच', 'पुलोस', 'झादे' असे परकी ठरवलेले प्रत्यय लावायला मनाई होती. 'ओझतुर्क' म्हणजे अस्सल तुर्क, हे आडनाव सर्केशियन, बोश्नाक (बोस्नियाचे मुसलमान), कुर्द कोणाकडेही सापडतं.

त्याऐवजी घराण्याचं जुनं नाव विचारा, 'सुलाले लाकाबी'. 'कारा हसनओउल्लारी', म्हणजे काळ्या हसनची पोरं, असं काहीतरी. ते १९३४ च्या आधीचं असतं आणि जुन्या वह्यांशी जुळतं. पण लाकाबातही खड्डे आहेत. 'तातार' म्हणजे क्रिमियाचा तातार असेलच असं नाही, उस्मानी टपाल वाहणाऱ्या घोडेस्वारालाही तातार म्हणत. 'आराप' म्हणजे अरब असू शकतो, नुसता सावळा माणूस असू शकतो, किंवा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचा वंशज. इझमीर-आयदिनकडे अशी आफ्रो-तुर्क गावं आहेत. आपल्या मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दींची गोष्ट तिथून फार दूर नाही.

मोडीवाचक:
नोंदवाचक यांच्या लाकाबाच्या मुद्द्याला जोडून. इस्तंबूलच्या उस्मानी अभिलेखागारात १८३० नंतरच्या दशकांतल्या शिरगणतीच्या वह्या आहेत. फक्त पुरुष मोजले, कारण हेतू सैन्य आणि कर. पण वर्णन वाचण्यासारखं असतं: 'मध्यम उंची, काळी दाढी, कारा हसनचा मुलगा, वय ३५'. त्याच्याच जोडीला १८४४-४५ च्या 'तेमेत्तुआत' वह्या, त्यात घरागणिक जमीन, जनावरं, मधाची पोळी, कर.

अडचण लिपीची. १९२८ मध्ये लिपी बदलली, त्यामुळे आजचा तुर्की पदवीधर स्वतःच्या खापरपणजोबाची ओळ वाचू शकत नाही. आपल्याला मोडी अडते तसंच, फक्त एका पिढीत झालेलं. वाचणारा माणूस पैसे देऊन लावताना आधी गावाचं जुनं नाव त्याच्या हातात द्या, कारण हजारो गावांची नावं विसाव्या शतकात बदलली. आर्मेनियन, ग्रीक, कुर्दी, लाझ नावांवर विशेष रोख होता. नवं नाव घेऊन जुन्या वहीत शोधलं तर गाव 'नाही'च निघतं.

आणखी एक खूण. नोंदीत बापाचं नाव 'अब्दुल्ला' आणि त्यापलीकडे काहीच नाही, असं आढळलं तर थांबा. धर्मांतरिताच्या बापाचं नाव अब्दुल्ला लिहायची जुनी रीत होती. १९१५ च्या आर्मेनियन कत्तलींत अनाथ झालेल्या, मुसलमान घरांत वाढलेल्या आर्मेनियन मुलींच्या नोंदी अशा सापडतात. पण अब्दुल्ला हे साधं, सर्रास नावही आहे. एकट्या त्या शब्दावरून घरच्यांना काही सांगायला जाऊ नका. आजवर ज्या घरात त्या आजीबद्दल कोणी बोललेलं नाही, तिथे पुरावा दोन बाजूंनी जुळल्याशिवाय तोंड उघडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

झेंडूबाई:
मोडीवाचक काका, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. प्रश्न कसा विचारायचा तेही महत्त्वाचं. 'तुम्ही कुर्द का?', 'तुम्ही आर्मेनियन का?' असं नाही. 'मेम्लेकेत नेरेसी?', मुलूख कोणता, हा प्रश्न तिथे रोजचा आहे, टॅक्सीवालासुद्धा विचारतो. पुढचा प्रश्न 'आस्लेन नेरेलिसिनिझ?', म्हणजे मूळचे कुठले. आस्लेन म्हणजे आपलं 'असल'. शेवटी 'सिनिझ' लावा, ते आपलं 'तुम्ही'. नुसतं 'सिन' म्हणजे 'तू' होतं, वडीलधाऱ्यांशी ते शोभत नाही.

काही घरांत या प्रश्नाला 'एल्हाम्दुलिल्लाह तुर्क' एवढंच उत्तर येतं. तेही खोटं नाही. राज्यघटनेच्या ६६ व्या कलमानुसार नागरिकत्वाने राज्याशी जोडलेला प्रत्येकजण तुर्कच. शिरगणतीत मातृभाषेचे आकडे १९६५ नंतर छापलेलेच नाहीत. जे छापलं जात नाही ते बोललंही जात नाही.

बाल्कनी:
किर्जालीच्या आजोबांबद्दल. १९५०-५१ मध्ये सुमारे दीड लाख तुर्क बल्गेरियातून आले, ती एक लाट. १९८९ मधली तीन लाखांहून मोठी. १९८४-८५ च्या हिवाळ्यात बल्गेरियाने तुर्कांची नावं सक्तीने स्लाव्ह केली, त्यामुळे १९८९ वाल्यांचे कागद दोन नावांनी शोधावे लागतात. तुमचे आजोबा १९५१ चे, त्या कटकटीतून सुटले. जन्मदाखला किर्जालीच्या नगरपालिकेकडे मागवता येतो. अर्ज बल्गेरियनमध्ये, नाव सिरिलिकमध्ये, बापाच्या नावासकट.

पण 'बाल्कनहून आले म्हणजे बाटलेले स्लाव्ह' ही समजूत काढून टाका. पोमाक (बल्गेरियन बोलणारे मुसलमान) वेगळे, बोश्नाक वेगळे, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकात अनातोलियातून नेऊन वसवलेले योरुक वेगळे. ग्रीसमधल्या कोझानीकडे तर 'कोन्यार' म्हणवणारे तुर्क होते, कोन्याहून गेलेले, म्हणून ते नाव. १९२३ ला ते अनातोलियात परतले. पाचशे वर्षांनी माघारी! तेव्हा तो ६ टक्के आशिया किर्जालीच्या आजोबांकडूनही आलेला असू शकतो.

उंबरठा:
भरभरून मिळतंय, सगळ्यांचे आभार. कागद आले. त्राब्झोनच्या आजोबांचा तालुका चायकारा. कायसेरीच्या आजीची वुकुआतली प्रत काढली, तिची माहेरची हाने कायसेरी शहरातली नाही, पिनारबाशी तालुक्यातली आहे. आता अहवाल परत मांडून पाहता येईल का?

जनुकजिज्ञासू:
येईल, आणि पिनारबाशीने मोठी गाठ सुटते.

हिशेब असा. प्रत्येक आजी-आजोबाकडून सरासरी २५ टक्के येतात, पण नेमके नाही. अंश तुकड्यातुकड्यांनी उतरतात, त्यामुळे एखाद्याचे २० तर एखाद्याचे ३० होतात. वडिलांच्या दोघांची बेरीज मात्र ५० च.

क्रीटच्या आजीचे २६ धरले तर चायकाऱ्याच्या आजोबांना २४ उरतात. ते सगळेच्या सगळे कॉकेशसच्या खान्यात टाकले तरी अहवालातल्या ३८ पैकी १४ कुठून आले? क्रीटहून नाही, किर्जालीहूनही नाही. म्हणजे ते पिनारबाशीच्या आजीचे. उलट बाजूने पाहा: किर्जालीचे आजोबा म्हणजे बाल्कन १२, आशिया ६, अनातोलियाचे ७, बेरीज २५. मग आजीचे २५ म्हणजे कॉकेशस १४ आणि अनातोलिया ११. हा एक जुळणारा हिशेब झाला, एकमेव नव्हे. पण आजीच्या माहेरी कॉकेशस आहे हे कुठल्याही मांडणीत टळत नाही.

उझुनयायला:
पिनारबाशी दिसलं म्हणून लिहितो. उझुनयायला हे पठार तिथेच. १८६४ मध्ये रशियाने सर्केशियनांना मायदेशातून हुसकलं, त्यांतल्या कित्येकांना या पठारावर वसवलं. पण त्याच पठारावर आवशार तुर्कमेनांची उन्हाळी कुरणं होती. दोघांत झगडे झाले, आणि १८६५ च्या सुमारास सरकारने आवशारांना सक्तीने खेड्यांत बसवलं. त्यामुळे आज पिनारबाशीत सर्केशियन खेडं आणि आवशार खेडं शेजारी शेजारी आहेत. 'कायसेरी' म्हटल्यावर दोन्ही एकच दिसतात.

तालुका कळला, आता गाव. त्या हानेच्या नोंदीत गावाचं नाव असणारच. गाव सर्केशियन निघालं तर दोन गोष्टी विचारा. घराण्याचं सर्केशियन नाव, जे तुर्की आडनावापासून पूर्ण वेगळं असतं आणि घरात जपलेलं असतं. आणि घराण्याची 'दामगा', म्हणजे चिन्ह. सर्केशियनांत एकाच घराण्यात सोयरीक होत नाही, आपल्या सगोत्रासारखंच, त्यामुळे आजीच्या आईचं घराणं नक्की वेगळं असेल. तेही नाव लिहून घ्या.

गाव आवशार निघालं तर मात्र जनुकजिज्ञासू यांच्या हिशेबातल्या १४ चं उत्तर पुढच्या पिढीत शोधावं लागेल. आवशार घरात सर्केशियन किंवा आर्मेनियन सून आली का, ते पाहायला तिच्या आईचीही वुकुआतली प्रत काढा.

जनुकजिज्ञासू:
त्यात एक भर. अहवालात उत्तर कॉकेशस आणि दक्षिण कॉकेशस असे उपविभाग असतील तर तेवढं पान पाहून सांगा. सर्केशियन उत्तरेचे, चायकाऱ्याकडचे लोक दक्षिणेच्या जवळ. ३८ चे दोन तुकडे झाले तर गाव कळायच्या आधीच अर्धं उत्तर मिळेल. आणि आजीचा सख्खा भाऊ हयात असेल तर नातवापेक्षा त्याची चाचणी करा. नातवात आजीचा चौथा हिस्सा आलाय, भावाचा मात्र सगळाच अंश आजीच्या माहेरचा आहे.

उंबरठा:
उपविभाग आहेत: उत्तर १३, दक्षिण २५. आजीचे धाकटे भाऊ अंकाऱ्यात असतात, वय ८४. गावाचं नाव आणि घराण्याचं नाव दोन्ही त्यांनाच विचारायला सांगितलं आहे, 'सिनिझ' लावून.